गर्जे बहिणींचा शेष

सत्यभामा गर्जेला स्वतःची गोष्ट सांगायला आवडे, आणि खरं म्हणजे ती सांगतही झकास. शाळांच्या स्नेहसंमेलनांत, महिला मेळाव्यांत, एकदा तर थेट मुंबईला मंत्र्यांसमोर तिनं ती सांगितली होती. बीड जिल्ह्यातलं सावरखडा हे डोंगरातलं गाव. आईबाप ऊसतोडीचे मजूर. दिवाळी झाली की गाव ओस पडायचं. माणसं कोयते घेऊन पश्चिमेकडच्या कारखान्यांवर जायची, पोरंही मागोमाग, आणि शाळा निम्मं वर्ष बुडायची. भामा दहा वर्षांची होती त्या वर्षी न्यायला आलेला ट्रॅक्टर दारात उभा राहिला आणि तिनं ओसरीच्या खांबाला मिठी मारली. "मी येत नाही. मी शिकणार." बापानं ओढलं, आई रडली, भामानं खांब सोडला नाही. शेवटी ट्रॅक्टर तिच्याविना गेला. आणि आता, २०४८ साली, ती सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात चीफ केमिस्ट होती. ज्या उसाच्या मोळ्या आईनं डोक्यावर वाहिल्या, त्याच उसाच्या रसात साखर किती हे आता भामाच्या सहीनं ठरे.

इथं टाळ्या पडत.

गोष्टीत थोरल्या बहिणीचा उल्लेख एका वाक्यात येई. चार वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाच्या मुलाखतीत भामा म्हणाली होती, "घरात आम्ही दोघी बहिणी. एकीनं नशीब मान्य केलं, एकीनं नाही." सुलोचनेच्या मुलीनं ती मुलाखत आईला वाचून दाखवली. तेव्हापासून सुलोचना ना भामाकडे आली, ना तिनं फोन केला. भामानंही केला नाही. आपण काही खोटं बोललो नाही, असं तिला वाटत होतं.

डिसेंबरात, गाळप ऐन भरात असताना, तिला विद्यापीठातून डॉ. गौहर तांबोळींचा फोन आला. सरकारनं एक समिती नेमली होती. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी गावोगावी चालणारी हंगामी वसतिगृहं बंद करायची आणि त्याऐवजी जिद्दी मुलं लहानपणीच हेरून त्यांना शहरातल्या उत्तम शाळांत न्यायचं, असा समितीचा विचार होता. वर्तमानपत्रांनी त्याला मथळा दिला होता, 'शंभर सत्यभामा शोधणार'. तो वाचून भामा दिवसभर खुशीत होती.

"मुलं हेरायला समितीला आमची 'ओघ' पद्धत वापरायची आहे," तांबोळीबाई म्हणाल्या. "आधी एका माणसावर करून दाखवा म्हणतात. अर्थात तुमचंच नाव पुढं आलं. चालेल तुम्हाला?"

"न चालायला काय झालं?" भामा म्हणाली. मोजमाप हा तर तिचा धंदाच होता. आपली जिद्द आकड्यात किती भरते हे बघायला तिला मनापासून आवडणार होतं.

*

रविवारी ती विद्यापीठात गेली. गौहर तांबोळी पन्नाशीच्या, बारीक चणीच्या बाई. बोलताना समोर पडेल त्या कागदावर रेघा मारायची त्यांना सवय होती.

"आमच्या शास्त्राची एक जुनी अडचण होती," त्या म्हणाल्या. "शंभर मुलींबद्दल आम्ही छातीठोक सांगू शकायचो. अशा गावात, अशा घरात जन्मलेल्या शंभरांपैकी इतक्या दहावीआधी शाळा सोडतील, वगैरे. पण त्या शंभरातल्या एकीनं विचारलं, 'माझ्या बाबतीत काय झालं?' तर आम्ही गप्प. लाट दिसायची, थेंब दिसायचा नाही."

"मग आता काय बदललं?"

"नोंदी. शाळांचे हजेरीपट, लसीकरणाची कार्डं, एसटीची वेळापत्रकं, कुठल्या ओढ्यावर पूल कधी झाला, कुठल्या वस्तीवर नळ कधी आला. गेल्या साठ वर्षांचं सगळं आता एका जागी वाचता येतं. ओघ त्यातून तुमच्यासारख्या मुली शोधतो. तसंच गाव, तसंच घर, तितकीच भावंडं, आईचं शिक्षण तितकंच. अगदी पाऊसपाणीही तसंच. त्यांना आम्ही समगामी म्हणतो. तुमच्या आणि त्यांच्यात एखादीच गोष्ट वेगळी असेल, तर तिथून आयुष्यं कशी फाटत गेली ते दिसतं. एकेक गोष्ट अशी तपासत गेलं की परिस्थितीनं तुम्हाला कुठवर आणायला हवं होतं ते कळतं. तुम्ही प्रत्यक्षात कुठं पोचलात ते समोर आहेच. दोन्हींतला फरक म्हणजे शेष. भागाकारात उरतो तसा."

भामाला हे लगेच उमगलं. "आमच्याकडेही असंच. उसातून साखर किती आली, चोथ्यात किती गेली, मळीत किती गेली, सगळं मोजतो. तरी थोडी साखर कुठं गेली ते सापडतच नाही."

"बरोबर! ती न सापडणारी साखर म्हणजे शेष. त्यात जिद्द असेल, नशीब असेल, आम्हाला मोजता न आलेलं आणखीही काही असेल. आणि 'कुठं पोचलात' हे आम्ही शिक्षण, तब्येत, स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याची मोकळीक अशा पाचसहा गोष्टींवरून ठरवतो. माप अपुरं आहे, मला ठाऊक आहे. पण काहीच न मोजण्यापेक्षा बरं."

मग त्यांनी रेघा मारायचं थांबवलं. "एक अडचण आहे. सख्खं भावंड ही सर्वांत चांगली तुलना. तुमच्या बहिणीची संमती मिळाली तर निष्कर्ष पक्का होईल."

"विचारते," भामा म्हणाली.

*

सुलोचना त्या हंगामात भामाच्या कारखान्यापासून वीसच किलोमीटरवर होती. तोडणीची बरीचशी कामं आता यंत्रं करत. कोयत्यानं हाती तोडणी उरली होती ती लहान, आडव्यातिडव्या रानांत. वळणावर गाडी लावून भामा बांधावरून चालत गेली, तेव्हा हिरवं धूड उसात शिरलेलं होतं आणि त्याच्या काचेच्या खोपट्यात, डोक्याला टॉवेल बांधून, तिची बहीण बसली होती.

यंत्र थांबलं. सुलोचना खाली उतरली. एकोणचाळिसाव्या वर्षीच तिचे केस निम्मे पांढरे झाले होते.

"आलीस व्हय," ती म्हणाली. जणू चार वर्षं नाही, चार दिवस मध्ये गेले होते. "पाणी पी आधी."

"आक्का, हे यंत्र तू चालवतेस?"

"मग काय ते आपलं आपण चालतंय? बायांच्या गटाची दोन यंत्रं हायेत. एक मी चालवते, एक द्वारकी."

भामाला हे ठाऊकच नव्हतं. तिच्या मनातली सुलोचना अजून फडात मोळ्या बांधत होती. तिनं घाईघाईनं ओघबद्दल सांगितलं. समिती, वसतिगृहं, तुलना. सांगता सांगता तिचं तिलाच अवघडल्यासारखं झालं, कारण या सगळ्याचा अर्थ उघड होता. तू जिथं राहिलीस त्यावरून मी किती वर गेले ते मोजायचंय.

सुलोचनेनं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे आपण दोघी एकाच घरातून निघालो, आन् वाट कुठं फुटली ते त्यांला दिसतंय?"

"हो."

"मला बी बघायचंय ते," सुलोचना म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं कुतूहल होतं. "सही देते. पण काय निघंल ते मला माझ्या कानानं ऐकायचं. तुझ्याकडून नाय. त्या बाईकडून."

*

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दोघी बहिणी तांबोळीबाईंच्या खोलीत शेजारी शेजारी बसल्या. सुलोचनेनं इस्त्रीची साडी नेसली होती. पडद्यावर दोन आलेख होते.

"सत्यभामाताईंचं आधी," तांबोळीबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजातली सावधगिरी भामाला जाणवली. "तुम्ही दहा वर्षांच्या होतात त्याच वर्षी सावरखड्यात हंगामी वसतिगृह सुरू झालं. पंचवीस जागा, चौथीपर्यंतच्या मुलांसाठी. तुम्ही चौथीत होतात. पुढच्या वर्षी मर्यादा पाचवीपर्यंत गेली, मग सहावी, आठवी, दहावी. तुम्ही जसजशा वरच्या वर्गात गेलात, तसतशी मर्यादाही तुमच्याबरोबर वर सरकत गेली. तुम्ही अकरावीला गेलात तेव्हा तालुक्याला मुलींसाठी पहाटेची एसटी सुरू झाली. ज्या वर्षी तुम्ही पदवीधर झालात, त्या वर्षी कारखान्यांच्या प्रयोगशाळांत महिलांना घ्यायचा नियम आला."

"मी अभ्यास केला," भामा म्हणाली.

"केलात ना. तुमच्यासारख्या, त्याच परिस्थितीतून आलेल्या, अशाच वसतिगृहात राहिलेल्या मुलींनीही केला. शंभरातल्या बासष्ट जणी तुमच्याइतक्या किंवा जवळपास तितक्याच पुढं गेल्या. कुणी परिचारिका, कुणी तलाठी, कुणी प्राध्यापक. वसतिगृह न मिळालेल्या शंभरांत अशा निघतात चार." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "ही परिस्थितीनं दाखवलेली रेघ, आणि ही तुमची. एकमेकींवर बसलेल्या आहेत. तुमचा शेष जवळजवळ शून्य आहे."

नमुना चुकीचा घेतला असेल, असं आधी भामाच्या मनात आलं. प्रयोगशाळेत नको तो आकडा आला की ती हेच म्हणत असे. मग तिला ते वसतिगृह आठवलं. तिच्या खाटेला लागून प्रतिभा खाडे, पलीकडे मंदाकिनी. प्रतिभा आता लातूरला डॉक्टर होती, मंदाकिनी शिक्षणाधिकारी. आपल्या गोष्टीत या दोघी कधीच का आल्या नाहीत?

"आन् माझं?" सुलोचनेनं विचारलं.

तांबोळीबाईंनी दुसरा आलेख मोठा केला. त्यात दोन रेघा होत्या आणि त्यांच्यामधून बैलगाडी गेली असती एवढं अंतर होतं.

"तुम्ही सहावीत होतात. जागा चौथीपर्यंत होती. तान्ह्या भावाला सांभाळायला कुणीतरी हवं होतं, म्हणून तुम्ही गेलात. पंधराव्या वर्षी लग्न. त्याच वयात लग्न झालेल्या तुमच्या समगामी शंभर जणींपैकी एक्क्याऐंशी आजही हातानं तोडणी करतात, किंवा आता त्यांच्यानं कामच होत नाही. पाळीत कामाचा खाडा नको म्हणून सदतीस जणींची गर्भपिशवी तिशीच्या आत काढून टाकलेली आहे. दहावी झालेल्या दोघी." त्या सुलोचनेकडे वळल्या. "तुम्ही पिशवी काढू दिली नाहीत. नवऱ्याची पाठ गेल्यावर जोडीशिवाय काम मिळेना, तेव्हा जावेला बरोबर घेऊन दोन बायकांचा कोयता, म्हणजे तोडणीची जोडी, उभा केलात. एकतिसाव्या वर्षी दहावी. मग यंत्राचा परवाना. मुलगी पुण्यात इंजिनिअर होतेय. सुलोचनाताई, आमच्याकडे साठ हजार माणसांची मोजणी झाली आहे. एवढा मोठा शेष मी स्वतः पाचसहा वेळाच पाहिलाय."

सुलोचनेनं पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. "त्या शंभरातल्या बाकीच्या बाया कुठं हायेत? माझ्यासारख्या?"

"नावं मला सांगता येत नाहीत."

"कुणाला बोलायचं असंल माझ्याशी, तर माझा नंबर द्या," सुलोचना म्हणाली. मग ती बहिणीकडे वळली. भामाचा चेहरा उतरला होता. "तू का असं त्वांड करून बसलीस? तू शिकलीस ते काय खोटं हाय का?"

"मी सगळीकडे सांगत फिरले, आक्का. खांबाला मिठी मारली म्हणून मी सुटले."

"मारली व्हती की. मी बघितली ना. ट्रॅक्टरात बसून." सुलोचनेनं उजव्या हाताची बोटं पुढं केली. "मी बी मारली व्हती. दोन वर्षं आधी, त्याच खांबाला. तुझ्यापेक्षा जोरात. नख उखडलं माझं. पण मला ठिवायचं कुणापाशी? गावात म्हाताऱ्या बाया तेवढ्या, त्या बी निम्म्या आंधळ्या. आईनं एक एक बोट सोडवलं. तुझ्या वेळेला आईनं तुझी बोटं सोडवली नाय, भामे. वसतिगृहाच्या बाई वट्यावर उभ्या व्हत्या. आईला म्हाईत व्हतं, पोरगी राहिली तरी जेवंल."

भामाला त्या बाई आठवल्या. निळ्या काठाची साडी, हातात वही. सत्तावीस वर्षं ती गोष्ट सांगत होती, आणि सत्तावीस वर्षांत तिनं त्या बाईंना ओट्यावर उभं केलं नव्हतं.

ती रडली. सुलोचनेनं तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. तिनं तांबोळीबाईंना विचारलं, "मग ती समिती या यंत्रावरून पोरं निवडणार?"

"तसं त्यांच्या मनात आहे."

"दहा वर्षांची असताना आमच्या दोघींचा हा शेष किती व्हता?"

तांबोळीबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. गेले दोन महिने हाच प्रश्न कुणीतरी विचारावा अशी त्या वाट बघत होत्या. त्यांनी दोन्ही आलेख डावीकडे, अगदी सुरुवातीला नेले. दोन्हींतल्या रेघा तिथं एकाच ठिपक्यात होत्या.

"शून्य. दोघींचाही. शेष आधी मोजता येत नाही, सुलोचनाताई. आयुष्य जगून झाल्यावरच तो दिसतो. मी समितीला तीनदा लिहून कळवलं. त्यांना वाटतं, यंत्र अजून सुधारलं की होईल."

*

समितीची जाहीर सुनावणी बीडला झाली. अध्यक्ष मोघेसाहेब निवृत्त सनदी अधिकारी, सज्जन माणूस. त्यांनी भामाची ओळख करून दिली तेव्हा मागच्या भिंतीवर तिचाच मोठा फोटो होता.

भामा उभी राहिली आणि तिनं गोष्ट सुरू केली. गाव, ट्रॅक्टर, खांब. नेहमी टाळ्या पडत तिथं ती थांबली नाही. तिनं दोन वर्षं मागं जाऊन दुसऱ्या मुलीची गोष्ट सांगितली. तोच खांब, तीच मिठी. आणि ओट्यावर कुणी उभं नाही.

"साहेब," ती म्हणाली, "त्या दोघी मुली दहा वर्षांच्या असताना तुमच्यासमोर उभ्या केल्या असत्या, हे यंत्रही तुमच्या हातात दिलं असतं, तर तुम्ही कुणाला निवडलं असतं?"

मोघेसाहेब हसले. "गर्जेबाई, हा तुमचा विनय आहे. तुम्ही स्वतःवरच अन्याय करताय."

"विनय कसला, साहेब. प्रयोगशाळेत मी खोटी सही करत नाही. माझ्यात न सापडणारी साखर नाहीच. माझ्यात जे आहे ते त्या पंचवीस खाटांमधून आलंय. ज्या बहिणीला मी नशीब मान्य केलेली म्हणाले, ती एकटी उलट्या धारेत पोहत होती, आणि ते आम्हाला कळायला ती एकोणचाळीस वर्षांची व्हावी लागली. तुम्ही जिद्दी पोरं शोधायला निघालात. जिद्दी पोरं सगळ्याच ट्रॅक्टरांत बसलेली आहेत."

या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. समितीतल्या एका बाईंनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी सभागृहातच बसलेल्या तांबोळीबाईंना पुढं बोलावलं आणि दोघी बहिणींचे आलेख दहाव्या वर्षापासून दाखवायला सांगितले.

मार्च सुरू होताना निर्णय आला. मुलं हेरण्याची योजना 'अधिक अभ्यासासाठी' बाजूला ठेवली गेली. वसतिगृहं चालू राहणार होती, मर्यादा बारावीपर्यंत वाढली. तरी पटसंख्येचं कारण देऊन एकतीस वसतिगृहं बंद झालीच, आणि त्यात सावरखड्याचंही होतं. भामानं त्यासाठी अर्ज केले, हेलपाटे घातले. अजून काही हलत नव्हतं. भाषणांची आमंत्रणं मात्र बंद झाली. एका शाळेनं तर 'मुलांसमोर जरा प्रेरणादायी काहीतरी हवं होतं' असं कळवून ठरलेला कार्यक्रम रद्द केला. तिला वाटलं होतं की आपण पोकळ होऊन जाऊ. तसं झालं नाही. सकाळी रसाचा नमुना हातात घेतल्यावर तिला आपलं काम पूर्वीइतकंच आवडत होतं. शिवाय आता कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं उरलं नव्हतं.

*

हंगाम संपायला चार दिवस असताना, एका सकाळी, ती रजा टाकून पुन्हा त्या रानात गेली. सुलोचना यंत्राची पाती धुवत होती. तिला तीन बायकांचे फोन आले होते, एक परभणीची, दोघी पाथर्डीच्या. "सारखंच बोलतो आम्ही," ती आश्चर्यानं म्हणाली. "तिच्या घरचं बी मला आधीच म्हाईत असल्यावानी वाटतं."

"आक्का, मला वर बसव ना."

दोघींना त्या काचेच्या खोपट्यात दाटीवाटीनंच बसावं लागलं. यंत्र उसात शिरलं, कांडी तुटल्याचा कडाका सुरू झाला आणि समोरचं हिरवं रान एकेक सरी करत उघडं होत गेलं. भामा हे इतक्या उंचावरून पहिल्यांदाच पाहत होती.

सरीच्या टोकाला सुलोचनेनं यंत्र वळवायला थांबवलं, तेव्हा भामानं विचारलं, "मी मागं राहिले त्या वर्षी तुमच्याकडं काय काय झालं? मी कधी विचारलंच नाही."

सुलोचनेनं चमकून तिच्याकडे पाहिलं. "सगळं?"

"सगळं."

"लई हाय. दुपार व्हईल."

"होऊ दे."

सुलोचनेनं इंजिन बंद केलं. एकदम आलेल्या शांततेत उसाच्या पाचटात कुठंतरी चिमण्या चिवचिवत होत्या. तिनं डोक्याचा टॉवेल सोडला, त्यानं हात पुसले आणि ती बहिणीकडे नीट तोंड करून बसली.

"तर मग ऐक," ती म्हणाली. "त्या साली पहिला फड लागला तो नदीकाठी..."